पिलू संपतो तिथे संध्याकाळ होते

रविवार, रात्रीचे साडेदहा

मामांकडून आत्ताच आले. छत्री गॅलरीत निथळतेय आणि कानात अजून पहाडी राग घुमतोय. झोपायच्या आधी लिहून ठेवते, नाहीतर उद्या सकाळी लोकल पकडायच्या गडबडीत सगळं निसटून जाईल.

मामांकडच्या रविवारच्या बैठकीचा नियम एकच. आठवडाभर जे ऐकलं ते सांगायचं, पण सुटं गाणं चालणार नाही, आख्खा अल्बम हवा. आज आम्ही चौघंच होतो. मामी सध्या 'शिवकल्याण राजा' ऐकताहेत. शिवराज्याभिषेकाला ३०० वर्षं झाली तेव्हा, १९७४ साली आलेली हृदयनाथ मंगेशकरांची ती रेकॉर्ड. गाणी सगळ्यांना पाठ असतात, पण बाबासाहेब पुरंदऱ्यांचं निवेदन लोक पुढे ढकलतात याचं मामींना फार वाईट वाटतं. "वेडात मराठे वीर ऐकताना अंगावर काटा येतो तो नुसत्या चालीने नाही गं, तिथवर आपल्याला कुणीतरी घेऊन गेलेलं असतं," असं त्या म्हणाल्या. मला ते अगदी पटलं.

मामांचा नातू पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'मध्ये बुडालाय. सुरुवातीला हृदयाचे ठोके, शेवटीही तेच ठोके, आणि मधे एकदम सगळी घड्याळं वाजायला लागतात. त्याने तो भाग दोनदा लावला. दुसऱ्यांदा मी डोळे मिटून ऐकला तेव्हा कुठे जरा आत शिरता आलं.

मग मामा. गेले आठ दिवस त्यांच्याकडे रोज किशोरीताई आमोणकरांचा भूप राग चालू आहे. एलपीच्या, म्हणजे मोठ्या तबकडीच्या, एका बाजूला भूप, दुसऱ्या बाजूला बागेश्री. 'प्रथम सूर साधे' विलंबितात, म्हणजे संथ लयीत, आणि मग द्रुतात, जलद लयीत, 'सहेला रे'. मामा म्हणाले, भूपात सूर पाचच. मध्यम (म) नाही, निषाद (नी) नाही, लपायला जागाच नाही. गंधारावर, म्हणजे 'ग'वर, गाणारा कसा येतो आणि तिथून कसा निघतो, एवढ्यावर सगळं उभं असतं. किशोरीताई गंधारावर थांबतात तेव्हा मामांचा हात आपोआप वर जातो. मी लहानपणापासून तो हात बघत आलेय.

माझी पाळी आली तेव्हा मी जरा बिचकतच 'कॉल ऑफ द व्हॅली' काढली. १९६७ सालची. शिवकुमार शर्मा संतूरवर, हरिप्रसाद चौरसिया बासरीवर, ब्रिजभूषण काबरा गिटारवर. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, त्या त्या वेळेच्या रागांतून. त्यातही भूप आहे, झपतालात, म्हणजे दहा मात्रांच्या तालात, जेमतेम सहा मिनिटांचा.

मामांचं म्हणणं असं, की हे गोड आहे, पण सहा मिनिटांत भूपाची ओळखसुद्धा होत नाही. राग म्हणजे काय दिवसाच्या वेळेचं चित्र आहे का? माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी एवढंच म्हटलं, आपण लावून तर बघू.

मामांकडे मूळ रेकॉर्ड आहे, कडा पिवळ्या पडलेल्या कव्हरमध्ये. त्यांनी ती तळव्यांच्या मधे धरून बाहेर काढली, मऊ फडक्याने गोल गोल पुसली, सुई ठेवली. थोडी खरखर आणि मग अहिर भैरव. मी हा अल्बम मोबाईलवर निदान शंभर वेळा ऐकला असेन. माझ्या फोनमधली आवृत्ती नंतरच्या सीडीवरून आलेली, त्यात पहाडीनंतर आणखी तीन तुकडे जोडलेले आहेत. शिवाय मी बहुतेक वेळा गाडीत, मधूनच कुठूनतरी ऐकणार. त्यामुळे मेंढपाळाचा दिवस नक्की कधी मावळतो हे मला कधी कळलंच नव्हतं.

अहिर भैरवातून नटभैरव, मग पिलू. संतूरचे सूर थेंबासारखे सुटे पडतात, त्याला सलग मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं, घेता येत नाही, म्हणून तर सुरुवातीला जाणकार हे वाद्य शास्त्रीय संगीतासाठी मानत नव्हते. इथे ते थेंब टपटपत असतात आणि काबरांची आडवी ठेवलेली गिटार तारेवरून सरकत येते, दोन थेंबांमधली जागा ओलांडते. तिसऱ्याच दिशेने बासरी. पिलूत ही तिघं एकमेकांना इतकी वाट देतात, की कोण कुणाच्या मागे आहे हे सांगता येत नाही.

पिलू संपला, सुई शेवटच्या रेघेत फिरत राहिली. मामा उठले. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. रेकॉर्ड उलटली. तेवढ्यात मामींनी आत जाऊन दिवा लावला. आणि भूप सुरू झाला.

मला एकदम लख्ख दिसलं. पहिली बाजू म्हणजे दिवस, दुसरी म्हणजे संध्याकाळ आणि रात्र. भूप, देस, पहाडी. मधे कुणीतरी उठून तबकडी उलटायची, तोवर खोलीत शांतता, ती शांतता म्हणजेच सांज. मोबाईलवर पिलूला लागूनच भूप येतो, ती घटकाच गळून गेलेली असते. म्हणजे भूप सहा मिनिटांचा नाहीच. त्याच्यामागे आख्खी पहिली बाजू उभी आहे.

मी हे बोलून दाखवलं तेव्हा नातू ताडकन उठून बसला. डार्क साइडलाही 'द ग्रेट गिग इन द स्काय' संपलं की रेकॉर्ड उलटायची आणि मग 'मनी'तली नाण्यांची खणखण, हे त्याने वाचलं होतं, पण त्याच्या लेखी ती दोन गाणी एकमेकांना चिकटलेलीच होती.

मामा पहाडी संपेपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, "भूप मला अजूनही किशोरीताईंचाच. पण तू म्हणतेस तर नीट करू. पुढच्या रविवारी पहाटे साडेपाचला ये. पहिली बाजू तेव्हा लावू. दुसरी दिवेलागणीला."

"आणि मधे?" मी विचारलं.

"मधे काही लावायचं नाही."

मामी पोळ्यांचा डबा माझ्या पिशवीत ठेवत होत्या. म्हणाल्या, मग दुपारचं जेवण इथेच, अळूचं फदफदं करते.