तुम्ही विचारलंत म्हणून: खायचा नाही, तर मासा धरता कशाला?

शेजारच्या काकूंनी विचारलं, ऑफिसात विचारलं, सख्ख्या मावशीने तर दर दिवाळीला. आजवर मी "माशाला काही होत नाही हो" म्हणून विषय मिटवत आले. ते खरं नव्हतं.

पण आधी माझी बाजू ऐका. मी मासा धरते आणि परत पाण्यात सोडते. गळाचा उलटा काटा मी पकडीने दाबून सपाट करते. हात ओले केल्याशिवाय माशाला लावत नाही, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. पिसं आणि दोरा गळावर गुंडाळून किड्यासारखं दिसणारं आमिष, म्हणजे माशी, मी स्वतः बांधते. तिला वजन नसतंच, वजन दोरीला. ती डोक्यावरून मागे-पुढे उलगडत माशी पाण्यावर अलगद टेकवायची. पहिल्या पावसानंतर पंखवाली वाळवी तळ्यात पडते आणि चिलापी (तिलापिया) मासे तिच्यावर तुटून पडतात, ते पाहिल्यापासून गांडूळ लावून बसणं मला जमलेलं नाही.

आता कटल्याचं सांगते.

सासवडच्या बाजूला ओळखीच्यांच्या अंजिराच्या बागेत शेततळं आहे, प्लास्टिक अंथरलेलं. एप्रिल होता. उन्हाआधी आटपावं म्हणून पहाटेच काठावर पोचले. पाहते तर सगळे कटले वर आलेले, तोंडांची उघडझाप चाललेली. कटला वरचंच खातो, त्याचं तोंडही वर वळलेलं. मला वाटलं, चरताहेत. दुसऱ्याच फेकीला एक लागला. चार किलोच्या आसपास असेल, पण ओढ म्हणावी तशी नव्हतीच. इतका नरम कसा, असं मनात आलं आणि फोटोच्या घाईत विसरलेही. सोडला तर आडवा झाला. उताराच्या प्लास्टिकवर गुडघे रोवून मी त्याला पाण्यात सरळ धरून बसले. कल्ले हलत होते. मग थांबून थांबून हलायला लागले. ऊन तळ्यावर आलं तोवर थांबले होते.

मालकाच्या आई मागे उभ्या होत्या. माळकरी घर, तळ्यातली मासळी व्यापारी नेतो. "ताई, घरी न्याल ना?" मी मान हलवली, नाही. "मग ओ?" एवढंच म्हणाल्या. अंजिराच्या बुडाशी आम्ही तो पुरला.

मालकाने नंतर समजावलं. रात्रभर शेवाळ आणि मासे सगळेच प्राणवायू ओढतात, ऊन पडेपर्यंत नवा तयार होत नाही. तापलेल्या पाण्यात तो मुळात मावतोही कमी: 20 अंशांना लिटरमागे 9 मिलिग्रॅम, 30 अंशांना साडेसात. ते कटले चरत नव्हते, धापा टाकत होते. त्याने माशी खाल्ली, की उघड्या तोंडात ती आपसूक गेली, मला अजून ठरवता येत नाही.

आता मी एप्रिल-मेमध्ये जात नाही, पहाटे तर नाहीच. जास्त करून चिलापीच धरते. 1952 मध्ये बाहेरून आणलेला मासा, म्हणून मन जरा कमी खातं. का कमी खावं? कल्ले त्यालाही आहेत.

भाचा म्हणाला, पाणीच बघायचंय तर गळ कशाला? म्हणून गळाचा आकडा तोडून नुसती माशी टाकून पाहिली. चिलापी येत, उचलत, थुंकून जात. सगळं दिसायचं, सगळं तसंच. दोन महिने केलं. मग पुन्हा गळाची माशी बांधली, कारण दोरीतून हातात येणारं ते जिवंत जडपण मला हवं होतं. ते हवं असणं बरोबर आहे असं मी म्हणत नाहीये. या रविवारी पुन्हा जाणार आहे.