लव्हाळ्याचा क्रॉस

इथे आयर्लंडमध्ये आमच्या मंडळाच्या गणपतीला हॉलमध्ये उभं राहायला जागा नसते. इथली संत, सेंट ब्रिजिड, तिच्या सणाच्या मेळाव्याला मात्र मोजक्या खुर्च्या मांडल्या तरी उरतात. आयर्लंडने 2023 पासून या सणाची सुट्टी दिली, बाईच्या नावाची इथली पहिलीच, आणि आमची मंडळी ती झोपून काढतात! असो.

दीपप्रज्वलन, प्रास्ताविक उरकलं की सगळे शेजारच्या आजींकडे बघतात. त्या किल्डेअरच्या, म्हणजे ब्रिजिडच्याच गावच्या. हातात कागद नसतो. ब्रिजिडने राजाकडे मठापुरती जागा मागितली, तो नाही म्हणाला. "मग माझी शाल पुरेल एवढी तरी दे." शाल पसरत गेली, पसरत गेली आणि सगळं करॅघचं माळरान तिच्याखाली आलं. हे सांगताना आजींचे दोन्ही हात असे उघडतात की, गोष्ट पाठ असूनही माझा घसा दाटतो. एकदा मागून एक चिमुरडा ओरडला, "वामन!" मग आजींना बळीराजा समजावता समजावता चहा गार झाला.

1 फेब्रुवारी, म्हणजे ब्रिजिडचा दिवस, हा मुळात इम्बोल्क, मेंढ्यांना दूध उतरू लागण्याचा जुना सण. ब्रिजिड नावाची देवीही होती. देवी कुठे संपली आणि संत कुठे सुरू झाली, असं विचारलं की आजी म्हणतात, "त्या दोघींचं जमतं, आपण कशाला पडा मध्ये?"

मग लव्हाळ्याच्या काड्यांचा ब्रिजिडचा क्रॉस विणायचा. एक काडी उभी, दुसरी तिच्यावर मधोमध दुमडायची, पाव वळसा, पुन्हा दुसरी. लव्हाळा कापायचा नाही, उपटायचा. एका काकांना इथे तुकोबांचे लव्हाळे आठवतातच. माझा क्रॉस तिसऱ्या वळशाला सुटतो.

2025 साली सुट्टी सोमवारी, 3 फेब्रुवारीला आणि रथसप्तमी दुसऱ्या दिवशी आली. तिळगूळ आणि क्रॉस एकाच ताटात! तेव्हाची गर्दी मला अजून पुरते.

आभारात कुणी राहिलं की वर्षभर फोन येत नाही, म्हणून सांगतेच: हॉलची किल्ली सांभाळणारे दादा, तिळाच्या वड्या थापणाऱ्या तिघी वहिनी, रबरबँड पुरवणारी शाळकरी पोरं, शेवटी केर काढणारं ते नवं जोडपं. आणि हो, आजींचा मुलगा! आदल्या दिवशी गमबूट घालून, गुडघाभर चिखलात उतरून भारे उपटतो तो. दारात ठेवतो आणि आत न येताच निघून जातो.