फ्रेममध्ये तुटलेला बोल्ट आणि रोटाव्हेटरवाले चाचा

आमच्याकडच्या मोटारसायकलींवर सगळ्यात जास्त ताण कुठं येत असेल तर डावीकडच्या मागच्या फूटरेस्टवर. साडी नेसलेली बाई एका बाजूला बसते, चढता-उतरताना सगळं वजन तिथंच. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल त्याच कोपऱ्यात साचतो, वाळून दगड होतो आणि आतली ओल बोल्टाला धरून राहते.

माझी शंभर सीसीची जुनी गाडी मानवतजवळच्या शेतावर रोजच जाते. आईच्या बाजूची फूटरेस्टची पट्टी वाकली, म्हणून ती बदलायला गॅरेजला दिली. खालचा बोल्ट निघाला. वरच्यानं मान टाकली. डोकं पान्यात, बाकीचा फ्रेममध्ये, तोही तोंडापासून किंचित आत. पक्कड लावावी तर धरायला काही नाही. हे आटे फ्रेमच्या पाइपात वेल्ड केलेल्या नटात असतात, त्यामुळं नट काढून दुसरा टाकायची सोय नाही.

गॅरेजवाला म्हणाला, "ड्रिल मारून दहाचे आटे करून देतो." मी नको म्हणालो. आठच्या बोल्टासाठी बसवलेल्या नटात दहाचे आटे पाडले तर भिंत किती उरणार? आणि तुटलेल्या बोल्टाचं तोंड वेडंवाकडं असतं. ड्रिल मधोमध बसलं नाही तर ते कडक बोल्ट सोडून फ्रेमचं मऊ लोखंड खात जातं.

दुसरा सल्ला सगळ्यांचा एकच: इझी आउट. बोल्टात बारीक भोक पाडायचं, त्यात उलट्या आट्यांची ही कडक सळी घालून फिरवायची. ताण येऊन नुसताच तुटलेला, आत सैल असलेला बोल्ट यानं निघतोही. पण माझा गंजून धरलेला होता. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून आटे आतून आवळले जातात. त्यात इझी आउट पाचरीसारखं घुसून बोल्टाला बाहेरच्या बाजूला आणखी दाबतं. ते आत मोडलं तर साधं ड्रिल त्याच्यावर चालतच नाही.

शेजारच्या काकांनी वेगळीच वाट दाखवली. "गॅरेजला कामून फिरतूस? रोटाव्हेटरच्या वेल्डिंगवाल्याकडं जा." खरंच आहे. दगडगोट्यात रोटाव्हेटरच्या पात्यांचे बोल्ट सारखे तुटतात, आणि मृगाच्या आधी अशी अवजारं दुकानापुढं रांगेनं उभी असतात. तुटलेले बोल्ट काढण्यात या लोकांचा हात जेवढा बसलेला असतो, तेवढा गाड्यांच्या गॅरेजवाल्यांचा नसतो असं माझं मत आहे.

त्या वेल्डिंगवाल्या चाचांनी गाडी पाहिली. इझी आउटचं विचारलं तर हसले. "बारा नंबरच्या पान्यानं न्हाई फिरला त्यो, एवढ्याशा खिळ्यानं फिरंल का सर?"

टाकी सोडवून लांब ठेवली, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. अर्थिंगचा चिमटा त्यांनी बोल्टाच्या जवळच, रंग खरवडून उघड्या केलेल्या फ्रेमवर लावला. तो चाकाला किंवा इंजिनला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि गोळ्यांवर डाग पडतात. मग अडीच एमएमच्या वेल्डिंग रॉडनं तुटक्या बोल्टाच्या मधोमध थोडं थोडं लोखंड चढवत तो तोंडाबाहेर आणला. कडेच्या आट्यांना ठिणगी लागू दिली नाही. सगळी कारागिरी इथंच आहे. त्यावर वायसर, वायसरवर दहाचा नट, आणि नटाच्या भोकातून पुन्हा वेल्डिंग.

मी लगेच पाना उचलला तर "थांबा" म्हणाले. बोल्ट लालभडक तापतो, त्याला फुगायचं असतं. भोवतालचा नट त्यामानानं थंड, म्हणून जागा मिळत नाही आणि बोल्ट आतल्या आत दाबला जातो. निवला की आधीपेक्षा किंचित बारीक होतो. गंजाची पकड सुटते ती तिथं. लाली गेल्यावर त्यांनी मेणबत्ती टेकवली, मेण वितळून आट्यांत उतरलं.

पहिला नट जोडातून निसटला. चाचांना त्याचं काहीच वाटलं नाही. दुसरा ठेवला, पुन्हा तापवलं. या वेळी सतराचा पाना लावून हळूहळू, जरा मागं, जरा पुढं. आधी कर्रर्र आवाज आला, मग बोल्ट सरकला. एकाच दिशेनं जोर लावला असता तर पुन्हा तुटला असता.

बाहेर आलेल्या तुकड्याच्या तोंडाकडच्या दोन-तीन आट्यांतच गंज आणि माती होती. पुढचे आटे चकचकीत.

मग आठ एमएमचा, सव्वा पिचचा (दोन आट्यांत सव्वा एमएम अंतर) टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, तेल लावून नटात फिरवला. अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं, म्हणजे कीस तुटून पडतो. नवा बोल्ट डोक्यावर ८.८ (हा ताकदीचा आकडा) लिहिलेला, आट्यांना ग्रीस. हे ग्रीस कंपनीतून येताना नसतं, आपणच लावायचं.

चाचांनी शंभर रुपये घेतले आणि उजवीकडचे बोल्टही पावसाच्या आधी सोडवून ग्रीस लावून घ्यायला सांगितलं. त्यातला एक सुटला. दुसऱ्याला पान्यानं जोर लावला नाही. तो चाचांकडंच नेणार आहे.