पाठमोरा रेडिओ

व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा जुना रेडिओ आयुष्यभर भिंतीकडे पाठ करून बसतो. दर्शनी बाजूला क्रोशाचा रुमाल, पाठीला कोळिष्टकं. माळ्यावरून तो खाली आला, की दुपारच्या उन्हात सगळे त्याचं तोंड पुसतात, तोंडाचाच फोटो काढतात आणि विचारतात, "हा कुठला हो?" तोंडावरून फार तर मर्फी, फिलिप्स की बुश एवढं कळतं. बिल्ला गळून पडला असेल तर तेही नाही.

रेडिओ आधी फिरवावा. माझा हा हट्टच आहे म्हणा.

मागे भोकाभोकांचा पुठ्ठा असतो. त्यावर किंवा चॅसीच्या, म्हणजे आतल्या सांगाड्याच्या, पत्र्यावर मॉडेल क्रमांक, व्होल्ट आणि वॉट छापलेले असतात. युद्धानंतरच्या फिलिप्स सेटच्या क्रमांकात तिरप्या रेघेमागचे आकडे सोडून द्यावेत आणि त्याआधीचं शेवटचं अक्षर पाहावं. 'ए' असेल तर एसी, 'बी' असेल तर बॅटरी, 'यू' असेल तर एसी-डीसी दोन्ही. कोलकात्याच्या काही भागांत डीसी वीज बराच काळ टिकून होती. अशा घरांसाठी 'यू'. एवढंसं अक्षर, पण पुढे जीव त्याच्यावर अवलंबून आहे.

पुठ्ठा उंदरांनी खाल्ला असेल तर व्हॉल्व्ह वाचावेत. युरोपीय नावात पहिलं अक्षर फिलॅमेंटचं, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारेचं. 'ई' म्हणजे ६.३ व्होल्ट, 'यू' म्हणजे एकामागोमाग जोडलेल्या फिलॅमेंटची १०० मिलिअँपिअरची माळ, 'डी' म्हणजे १.४ व्होल्ट, अर्थात बॅटरीचा सेट. पुढची अक्षरं कामाची. 'सी' तीन इलेक्ट्रोडांचा ट्रायोड, 'एफ' पाचांचा पेंटोड, 'एल' स्पीकर हलवणारा, 'एम' तो स्टेशन नीट लागलं का दाखवणारा हिरवा मॅजिक आय, 'झेड' पूर्ण लहरीचा रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा) आणि 'वाय' अर्ध्या लहरीचा. आकडा बैठकीचा: ४० च्या घरातले आठ पिनांचे रिमलॉक, ८० च्या घरातले नऊ पिनांचे. म्हणून ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईएल ८४, ईझेड ८० अशी ओळ दिसली, की सेट १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातला किंवा त्यानंतरचा समजावा. अमेरिकी नावं सोपी, पहिला आकडाच व्होल्ट सांगतो: १२बीई६, ३५डब्ल्यू४, ५०सी५. काचेवर 'बीईएल' दिसलं तर तो व्हॉल्व्ह बंगळुरूचा, भारत इलेक्ट्रॉनिक्सचा. मात्र एका व्हॉल्व्हवरून सेटचं वय काढू नये. तो कधीतरी बदललेला असतो, आणि बदलणारा मेकॅनिक बहुधा हाताशी होता तोच बसवून गेलेला असतो.

व्हॉल्व्ह मात्र पुसू नयेत! ओल्या फडक्याच्या एका हातात नाव कायमचं जातं. आधीच पुसट असेल तर काचेवर हाफ टाकावी किंवा व्हॉल्व्ह काही मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवावा. बाहेर काढल्यावर दव धरतं आणि त्या दवात अक्षरं क्षणभर उमटतात. वाचून घ्यावीत, पुन्हा दिसतीलच असं नाही.

तोंडाला अगदीच किंमत नाही असं नव्हे. डायलवर 'किलोसायकल' लिहिलं असेल तर सेट बहुधा जुना. 'हर्ट्झ' हे एकक आंतरराष्ट्रीय पद्धतीत आलं १९६० साली, आणि डायल छापणाऱ्यांनी ते उचलायला आणखी काही वर्षं घेतली. 'सिलोन'वरून मात्र तारीख काढू नये. देशाने १९७२ मध्ये नाव बदललं, आपल्याकडच्या श्रोत्यांनी आजतागायत बदललेलं नाही. 'यूकेडब्ल्यू' अशी पट्टी असेल तर सेट बहुधा जर्मनीहून आलेला, आणि तिच्यावर एफएम लागतं. फक्त १९५० च्या दशकातल्या अशा बहुतेक सेटांवर ती पट्टी १०० मेगाहर्ट्झला संपते, आणि पुण्याची विविध भारती आहे १०१ वर. काटा शेवटच्या टोकाला नेऊन माणूस तिथेच ताटकळतो.

लहान मुलांना रेडिओच्या मागे जायची बंदी असायची. "करंट आहे" एवढंच कारण. तरी भोकांना डोळा लावून आतला नारिंगी उजेड पाहिला जायचाच, आणि नाकात तो वास शिरायचा: तापलेली धूळ आणि वितळू लागलेलं मेण. त्या मेणाचा अर्थ फार उशिरा कळतो. मेण कागदी कंडेन्सरचं, म्हणजे वीज साठवणाऱ्या छोट्या नळीचं. त्यातला एक कंडेन्सर, साधारण ०.०१ मायक्रोफॅरॅडचा, शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडला, म्हणजे आतल्या जाळीला, आवाज पोचवतो आणि मागचा चढा डीसी दाब अडवतो. तो गळू लागला की ग्रिड धन होते, ईएल ८४ ची प्लेट लालबुंद होते आणि तिच्यापाठोपाठ स्पीकरला जोडणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. म्हणून बाकी काही बदला न बदला, हा आधी बदलावा. ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर चालतो. फिल्टरचा, म्हणजे डीसीतली घरघर काढणारा, मोठा इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बदलताना "जास्त घातलेला बरा" हा स्वयंपाकघरातला न्याय लावू नये. ईझेड ८० नंतरचा पहिला कंडेन्सर ५० मायक्रोफॅरॅडच्या वर गेला, तर चालू होतानाच्या झटक्याने रेक्टिफायरच मरतो.

तीस वर्षं झोपलेला सेट थेट भिंतीतल्या सॉकेटला लावू नये. आधी मागचा व्होल्टेजचा खटका २४० किंवा २४५ वर आहे ना पाहावं, मग सिरीज बोर्डवर, म्हणजे सेटच्या वाटेत बल्ब घालणाऱ्या फळीवर, ६० वॉटचा तारेचा बल्ब लावून वीज द्यावी. एलईडी बल्ब इथे कुचकामी. 'ए' सेटमध्ये पहिल्या खेपेला रेक्टिफायर काढून ठेवावा: बल्ब मंद राहिला तर ट्रान्सफॉर्मर धड आहे, भगभगीत पेटून तसाच राहिला तर नाही. 'यू' सेटमध्ये ही युक्ती चालत नाही. तिथे सगळी फिलॅमेंट एका माळेत असतात, एक मणी काढला की सगळाच अंधार.

त्याच माळ्यावर हल्ली रेडिओच्या शेजारी आणखी एक वस्तू सापडते. चौदा-पंधरा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि ११ त्याला घरात घेत नाही. मग लिनक्स ही फुकटातली प्रणाली शोधायची, आणि इथेही लोक तोंड बघतात: कुठल्या लिनक्सचा डेस्कटॉप देखणा? लॅपटॉप आधी उलटा करावा. पोटावरच्या लेबलवर मॉडेल असतं. प्रोसेसरचं नाव बायोसमध्ये, म्हणजे चालू होतानाच्या सेटिंगमध्ये, दिसतं. अ‍ॅटम एन२७० असेल तर ३२ बिट आणि विषय संपला, कारण डेबियन १३ या लिनक्समध्ये ३२ बिटसाठी इन्स्टॉलरच नाही. अँटीएक्स या हलक्या लिनक्सची ३२ बिट आवृत्ती घ्यावी. एन४५० असेल तर ६४ बिट. चार जीबी रॅम असेल तर लिनक्स मिंटची हलक्या एक्सएफसीई डेस्कटॉपची आवृत्ती, फार विचार करू नये. दोन जीबीवर मिंट चालते म्हणतात. चालते, ब्राउझर उघडेपर्यंत. मराठी टंकायचं तर इनस्क्रिप्ट कीबोर्ड सगळीकडे मिळतो.

पेनड्राइव्हवरून आधी 'लाइव्ह', म्हणजे न बसवता, चालवून वाय-फाय, आवाज आणि झाकण मिटल्यावरची झोप तपासावी. ब्राउझर प्रत्येक साइट असुरक्षित म्हणू लागला, तर दोष लिनक्सचा नसतो. आतला नाण्यासारखा सीआर२०३२ सेल मेलेला असतो, घड्याळ मागे गेलेलं असतं आणि सर्टिफिकेटच्या तारखा जुळत नाहीत. मशीन कुठलंही असो, आधी वाळतं ते असलंच काहीतरी दोन पैशांचं.

आता या दोघांना एकत्र आणायचा मोह होतोच. मध्यम लहरींवरची बरीच प्रक्षेपकं बंद पडली, जी उरली त्यांच्यावर एलईडी दिव्यांची आणि चार्जरांची खरखर. रेडिओच्या पाठीला मात्र ग्रामोफोनची दोन भोकं असतात, आणि लॅपटॉपमध्ये गाणी. डावी-उजवी तार थेट एकत्र पिळू नये. प्रत्येकीत एकेक किलो-ओहमचा रेझिस्टर घालून मग जोडावी. आणि त्याआधी ते अक्षर पुन्हा वाचावं. 'यू' सेटची चॅसी विजेच्या एका तारेलाच जोडलेली असते. प्लग उलटा बसला की तीच फेज. लॅपटॉप तर जाईलच, हातही जाईल. रेडिओला भिंतीतल्या विजेपासून वेगळं करणारा १:१ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर नसेल तर हा बेत सोडून द्यावा. 'ए' असला तरी भिंतीतून प्लग काढून, रेडिओचा स्विच चालू ठेवून, प्लगची पिन आणि चॅसी यांच्यात मीटरने मोजावं, आणि जोड दिसली तर तोही 'यू'च समजावा. काही सेटांत चॅसीला विजेपासून न तोडणारा ऑटोट्रान्सफॉर्मर असतो आणि तो पुठ्ठ्यावरच्या अक्षराला जुमानत नाही.

सगळं जमलं तर दोन्ही खटके एकदम दाबावेत. व्हॉल्व्ह तापायला आणि लिनक्स उठायला लागणारा वेळ, लॅपटॉपमध्ये एसएसडी असेल तर, जवळजवळ सारखाच. तेवढ्यात चहा होत नाही, आधण ठेवून होतं.