प्लग तापला, एमसीबी मात्र गप्प

सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी इलेक्ट्रिक गाडीसोबत आलेल्या पोर्टेबल चार्जरवरच रात्रीचं चार्जिंग करतो. 3.3 किलोवॅट, तीन पिनचा मोठा प्लग, 16 अँपिअरचा सॉकेट. एका रात्री खाली गेलो तर जळकट वास. हात जवळ नेला तर प्लगची झळ लागली. फेजच्या भोकाभोवती सॉकेट तपकिरी पडला होता. एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, मात्र चालूच.

वॉचमनकाका प्लग उपसायला निघाले, त्यांना अडवलं. चालू लोडवर प्लग ओढला की आत ठिणगी उडते, आणि प्लास्टिक मऊ पडलेलं असेल तर पिन उघडी पडू शकते. आधी गाडीतून चार्जिंग थांबवलं, मग मीटर रूममधला एमसीबी पाडला. प्लग रात्रभर तसाच राहू दिला.

सकाळी वायरमनने सॉकेट उघडला. फेजच्या टर्मिनलचा स्क्रू बोटाने फिरत होता. वायरच्या तारा काळ्या, इन्शुलेशन कडक होऊन तडकलेलं. एमसीबी पडला नाही, कारण करंट बरोबरच होता, साधारण 14 अँपिअर. सांध्याची उष्णता त्याला कळत नाही. ढिल्या सांध्यात 0.1 ओहमचा रोध आला तरी तिथे 20 वॅटच्या आसपास उष्णता होते. म्हणजे सॉकेटच्या डबीत रात्रभर छोटं सोल्डरिंग आयर्न चालू. गीझर थोड्या वेळात बंद होतो, म्हणून असल्या सॉकेटवर तो निभावून जातो.

शेजाऱ्यांचा सल्ला: "मोठा एमसीबी टाकून घ्या." अहो, आहे तोच कुठे पडला होता! मोठा टाकला की वायरचंही संरक्षण जातं.

चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर मागे कापली, टोकाला लग (धातूची टोपी) दाबून घट्ट बसवून, म्हणजे क्रिंप करून, नवा सॉकेट बसवला. जुना प्लग मात्र वायरमनने त्यात घालू दिला नाही. भाजलेली पिन नव्या सॉकेटलाही तापवते. चार्जरची केबल बदलून येईपर्यंत सार्वजनिक स्टेशनवर चार्जिंग केलं, ते महाग पडलं. त्याच फेरीत अर्थिंग तपासून घेतलं आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागला की लाइन तोडणारा स्विच) बसवला. आता तासाभराने प्लग हाताला कोमट लागतो, तेवढं चालतं.

7.2 किलोवॅटच्या वॉलबॉक्सची, म्हणजे भिंतीवर कायमच्या जोडलेल्या चार्जरची, चौकशी चालू आहे. त्यात प्लगचा सांधाच नाही, पण 6 स्क्वेअर मिलिमीटर जाडीची तांब्याची स्वतंत्र लाइन ओढायची, मंजूर भार वाढवून घ्यायचा. कमिटीकडे अर्ज दिलाय.