ओखी वादळातली सहल

४ डिसेंबर २०१७, कुणकेश्वर, रात्र

मुली झोपल्या एकदाच्या. भक्तनिवासाच्या व्हरांड्यात दोरी बांधून सगळ्यांचे ओले ड्रेस आणि मोजे वाळत घातलेत, पण या खाऱ्या हवेत ते वाळतील अशी आशा नाही. समुद्र इतका गर्जतोय की शेजारच्या खोलीतल्या सरांशी बोलायचं तर त्यांच्या दारात जाऊन उभं राहावं लागतं.

आज मालवण होतं. सिंधुदुर्ग किल्ला, मग तारकर्ली. पहाटेच ड्रायव्हरमामा टपरीवरून चहा आणि बातमी दोन्ही घेऊन आले. बंदराला धोक्याचा बावटा लागलाय, किल्ल्याच्या होड्या बंद. मुलांना सांगायचं काम सरांनी माझ्याकडे ढकललं. 'बाई, तुमचं ऐकतात.' वाईट बातमी द्यायची वेळ आली की माझंच कसं ऐकतात, कोण जाणे.

ही आमची तासगावकडची पोरं. यातल्या निम्म्याअधिकांनी परवापर्यंत समुद्र पाहिलेला नव्हता. आठवीतल्या एकीनं होडीसाठी वेगळे पैसे रुमालात गाठ मारून आणलेत, ती गाठ तिनं माझ्यासमोर सोडून परत बांधली. एक शब्द बोलली नाही. आरडाओरडा करणाऱ्यांना गप्प करता येतं, हिच्याशी काय बोलणार?

पाण्यात पाय बुडवायलाही कुणाला सोडलं नाही. एरवी घोट्याएवढ्या पाण्यात हात धरून साखळी करू दिली असती. पण १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात सहलीला आलेले पुण्याचे १४ विद्यार्थी बुडून गेले, ते विसरून कुठलीच शिक्षिका आता वाळूवर उभी राहू शकत नाही. त्यात कालची दत्तजयंतीची पौर्णिमा, म्हणजे उधाणाची भरती आधीच मोठी, आणि वर हे वादळ. ओखी खरं तर इथून लांब, आत समुद्रात आहे. कन्याकुमारीला झोडपून, लक्षद्वीप ओलांडून ते आता गुजरातच्या दिशेनं चाललंय म्हणे. पण त्याच्या लाटा इथे देवळाच्या खालच्या बाजूला येऊन आपटताहेत. पाऊस तसा भुरभुर, मध्येच एखादी जोरदार सर. आमच्या दुष्काळी पोरांना त्याचंही अप्रूप. 'बाई, डिसेंबरात पाऊस!' म्हणून भिजायला धावली आणि मग दिवसभर शिंकत बसली. करूळ घाटात ज्यांना गाडी लागली होती त्यांतल्या एकानं विचारलं, 'ओखी म्हणजे ओकारीची थोरली बहीण का?' दिवसभर तेवढा एकच विनोद पुरला.

दुपारी मुलांना कोंडून ठेवणं अशक्य झालं तेव्हा ड्रायव्हरमामाच म्हणाले, देवगडला नेतो, बंदर लांबून दाखवू. हा माणूस सहलीच्या छापील कार्यक्रमात कुठेच नाही, पण सगळे निर्णय त्याच्या अंदाजावर चाललेत आणि मला त्यात काही गैर वाटत नाही.

देवगडच्या खाडीत होड्याच होड्या. इथल्या नव्हेत, केरळ-तमिळनाडूच्या. वादळात भरकटून २ तारखेला ६८ बोटी आणि त्यांवरचे ९५२ खलाशी या किनाऱ्याला आसऱ्याला आले. पेपरातला आकडा वाचताना काही वाटलं नव्हतं. धक्क्यावर ते लोक दिसले तेव्हा वाटलं. लुंग्या गुडघ्यावर दुमडलेल्या, पायात काही नाही, एकजण फोन कानाला लावून एकसारखा रस्त्याकडे बघत होता, बोलत मात्र नव्हता. नववीतल्या एका पोरानं त्याच्या वर्गातल्या हिंदीत एका खलाशाला विचारलं, 'आपका घर किधर है?' त्यानं हातानं दक्षिण दाखवली आणि तोंडानं 'दूर, दूर' म्हणाला. मग त्यानं पोराला तोच प्रश्न विचारला. पोरानं डोंगराकडे बोट केलं आणि 'दूर' म्हणालं. किल्ला बघून आली असती तर ही पोरं सेल्फी काढून मोकळी झाली असती. परतताना गाडीत कुणी अंताक्षरीचं नाव काढलं नाही, फक्त प्रश्न. यांना जेवण कोण देतं, बोटीत डिझेल उरलंय का, घरच्यांना कळलं का.

संध्याकाळपासून फोन. टीव्हीवर लाटा दाखवताहेत, त्यामुळे पालकांचा जीव टांगणीला. गंमत म्हणजे पहिल्या वाक्यानंतर बहुतेकांचा विषय बदलतो. 'पोरगी बरी हाय न्हवं? बरं बाई, तिकडं आभाळ किती आलंय?' द्राक्षाच्या बागा ऐन फुलोऱ्यात आहेत. नुसत्या ढगाळ हवेनंसुद्धा डावणीची बुरशी येते, घड कुजतात, आणि कर्ज काढून उभी केलेली द्राक्षबाग हातची जाते. मी कोकणात मुली मोजत बसलेय आणि तिकडे त्यांचे बाप रात्रीचे ब्लोअर घेऊन औषध मारताहेत. वादळ तेच.

मुख्याध्यापकांचा निरोप आला, लगेच निघा. ड्रायव्हरमामांनी सरळ नकार दिला. रात्री, पावसात, गगनबावड्याच्या धुक्यात मी गाडी चढवणार नाही, हवं तर माझ्या डेपोला फोन लावा. फोन कुणी लावला नाही.

५ डिसेंबर

सकाळी निघायच्या वेळी कळलं, इथल्या जिल्ह्यातल्या शाळांना आज सुट्टी. लगेच मागच्या सीटवरून ठराव, 'मग आपण पण राहू.' फेटाळला.

घाट सावकाश चढलो. धुक्यात पुढच्या ट्रकचा लाल दिवा तेवढा दिसत होता. ओल्या मोज्यांचा वास, बंद काचा, दोघींना उलट्या. कोल्हापुरात गरम भजी, हजेरी, पुन्हा गाडी. याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

शाळेच्या फाटकात पालक उभे होते. रुमालवालीचा बाप औषधाच्या डागांनी निळसर झालेल्या शर्टातच आला होता. लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला विचारलं, 'बाई, काय म्हणतोय पाऊस? इकडं वळतोय का?' मी म्हटलं, वर गुजरातकडे सरकलाय, आमच्या डोक्यावरचं आभाळ गगनबावड्यानंतर पातळ होत गेलं. ते त्यानं दोनदा विचारून घेतलं, कुठून पातळ झालं, किती वाजता. मग पोरीला मागे बसवून गाडीला किक मारली. ती त्याच्या कानाशी तोंड नेऊन सांगत होती, 'आबा, अडुसष्ट बोटी होत्या...'

होडीचे पैसे शुक्रवारी परत वाटायचे आहेत. सरांनी यादी माझ्याकडेच दिलीय.