बायोडेटा आणि २२ पानी अहवाल

दुसरीकडे अर्ज करायचा, आणि त्यासाठीचा बायोडेटा सध्याच्याच ऑफिसात छापायचा, हा फुकटेपणा मला चांगलाच भोवला.

संध्याकाळी साडेसहानंतर मजला रिकामा झाला, तेव्हा मी दोन पानांची प्रिंट दिली आणि कोपऱ्यातल्या प्रिंटरपाशी जाऊन उभी राहिले. काहीच येईना. जागेवर येऊन परत कमांड दिली. मग आणखी एकदा. (प्रिंटर आणि लिफ्टचं बटण, माणूस दोन्हीकडे सारखाच वागतो.) तिसऱ्या वेळी नीट बघितलं, तर सगळं सरांच्या केबिनबाहेरच्या प्रिंटरला गेलेलं. विंडोजमध्ये एक सेटिंग असतं: डिफॉल्ट प्रिंटर कोणता ते विंडोजनेच ठरवायचं. ते चालू असलं की शेवटचा वापरलेला प्रिंटर आपोआप डिफॉल्ट होतो. सकाळी मी एक तक्ता तिकडे छापला होता. हे ज्ञान अर्थातच मला नंतर झालं.

धावत तिकडे गेले. नारिंगी दिवा लुकलुकत होता. कागद संपलेला! इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू. परत येऊन तिन्ही प्रिंट रद्द केल्या. दोन गेल्या, पण एकीपुढे 'डिलीटिंग' असं आलं आणि ते तिथेच अडकलं. प्रिंटरच्या मेमरीत मजकूर एकदा पोचला की कधी कधी कॉम्प्युटरवरून कितीही रद्द करा, ढिम्म फरक पडत नाही. आता सरळ प्रिंटरच बंद करावा म्हणून पुन्हा गेले, तर सर तिथे उभे. ट्रे बाहेर ओढलेला, हातात कोरे कागद.

"काही काम होतं का?"

"नाही सर, सहजच."

रिकाम्या मजल्यावर प्रिंटरपाशी सहज कोण येतं?

ट्रे खटकन आत गेला. पहिली दोन पानं आली. लेझर प्रिंटरमधून कागद पालथे पडतात, त्यामुळे त्या पांढऱ्याफटक पाठींखाली काय आहे ते जगात मला एकटीलाच ठाऊक होतं. हात पुढे करून ती उचलायची, एवढंच करायचं होतं. झालं नाही. त्यांच्यावर सरांची पानं पडत गेली, एकेक करत २२. सरांनी गठ्ठा उचलला, टेबलावर ठोकून कडा जुळवल्या आणि उलटा केला.

वर माझा फोटो. त्यात मी हसत होते.

काही न बोलता ते केबिनमध्ये गेले. दहा मिनिटांनी मला बोलावलं. मला वाटलं, सोडून का चाललात म्हणून विचारतील. त्यांनी बायोडेटा माझ्याकडे सरकवला. एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती: 'विभागाचा तिमाही अहवाल स्वतंत्रपणे तयार करते.'

आणि टेबलावर, संध्याकाळी सात वाजता स्वतः कागद भरून छापलेला, विभागाचा तिमाही अहवाल.

"स्वतंत्रपणे," सर म्हणाले. "छान. मग उद्या अकराच्या मीटिंगमध्ये तुम्हीच मांडा."

घरी नेऊन रात्री साडेबारापर्यंत तो अहवाल वाचला. त्यात माझं म्हणावं असं एकच पान होतं, नववं. सकाळी छापलेला तोच तक्ता, आणि त्यातली बेरीज चुकलेली.